तोफा वितळून नांगर करणारे लक्ष्मणराव किर्लोस्कर

मासवण : सूर्या नदीकाठी आता नांगरटीला पॉवर टिलर घरघरतो. पण लाकडी नांगराच्या जागी लोखंडी नांगर आणायला लक्ष्मणराव किर्लोस्करांना (१८६९-१९५६) फार सोसावं लागलं.

ते मुंबईच्या व्हीजेटीआयमध्ये शिकवायचे. हक्काची बढती डावलली, तशी नोकरी सोडून बेळगावात सायकली विकू लागले. तिथेच आधी कडबा कापायचं यंत्र, मग लोखंडी नांगर बनवला. पण लोखंडाने जमिनीला विष चढतं, असा शेतकऱ्यांचा समज. पहिला नांगर विकायला दोन वर्षं लागली! लक्ष्मणराव खचले नाहीत. तक्रारी ऐकून फाळ सुधारत राहिले.

१९१० मध्ये औंधच्या राजांनी दिलेल्या माळावर कारखाना उभा राहिला, तीच किर्लोस्करवाडी. पहिल्या महायुद्धात लोखंड मिळेना, तेव्हा शाहू महाराजांनी जुन्या तोफा दिल्या. त्या वितळल्या, नांगर झाले आणि शेतात उतरले.