किराणा दुकानातून निघालेला आकडा

वर्धा जिल्ह्यातील पोलीस कारवाईच्या बातम्यांत ‘वरली’ हा शब्द वर्षानुवर्षे ठाण मांडून बसला आहे. हिंगणघाट, आर्वी, पुलगाव, देवळी अशा एखाद्या गावात आठवडी बाजारालगत छापा पडतो. आकडे खरडलेली चिठ्ठी, डॉटपेन आणि काही शे रुपये जप्त होतात. जुगार प्रतिबंधक कायद्यान्वये गुन्हा नोंदविला जातो आणि चार ओळींत बातमी संपते. पट्टी लिहिणारा आणि ती लावणारा या दोघांनीही मुंबईतील वरळी बहुधा पाहिलेली नसते. साडेसातशे किलोमीटरवरील एका कामगारवस्तीचे नाव विदर्भाच्या खेड्यापाड्यांत जुगाराचे नाव म्हणून रुजले. त्याला कारण ठरले कच्छमधून मुंबईत आलेले एक किराणा दुकानदार, कल्याणजी भगत.

कल्याणजींचे मूळ आडनाव गाला. कच्छमधील रताडिया हे त्यांचे गाव आणि घर शेतकऱ्याचे. घराण्याच्या भक्तिमार्गी वृत्तीमुळे कच्छच्या राजाकडून या कुटुंबाला ‘भगत’ ही उपाधी मिळाली आणि पुढे तेच आडनाव म्हणून चिकटले. देशातील सर्वांत मोठ्या आकडेबाजाराचा पाया घालणाऱ्या माणसाच्या नावात भक्ताची बिरुदावली असावी, हा योगायोग विलक्षणच म्हणावा लागेल. पाऊस दगा देणाऱ्या कच्छमधून पोटासाठी मुंबई गाठण्याची वाट तेव्हा मळलेली होती आणि मुंबईच्या धान्य-किराणा व्यापारात कच्छी माणसाचा जम बसलेला होता. कल्याणजी १९४१ मध्ये मुंबईत आले. दुसऱ्या महायुद्धाचा तो काळ. युद्धाच्या मागणीमुळे कापडगिरण्यांना उसंत नव्हती. त्यांनी आधी मसाले विकत फेरी केली, पडेल ते काम केले आणि कालांतराने वरळीत किराणा दुकान सांभाळू लागले.

दुकान गिरणगावाच्या वेशीवर होते, ही बाब महत्त्वाची. कोकणातून, साताऱ्याकडून, घाटमाथ्यावरून आलेला गिरणी कामगार वरळीच्या बीडीडी चाळींत आणि आसपासच्या खोल्यांत दाटीवाटीने राहत होता. पगार महिन्याचा आणि भूक रोजची, त्यामुळे वाण्याची उधारीची वही हाच त्याचा आधार. कोणाचा पगार कधी होतो, कोण बुडवतो, कोण चार आणे जास्त खर्च करू शकतो, याचे ज्ञान अशा दुकानदाराला जितके असते तितके ते गिरणीच्या व्यवस्थापकालाही नसते. पुढे कल्याणजींनी जो धंदा उभारला त्यात लेखी करार नव्हता, पावतीला कायद्याचा आधार नव्हता आणि तक्रार करायला न्यायालय नव्हते. होता तो केवळ शब्द. किराण्याच्या उधारीचे आणि आकड्याच्या धंद्याचे हे साम्य ध्यानात घेतले, तर एक दुकानदारच या खेळाचा जनक का ठरला, याचा उलगडा होतो.

त्या काळी मुंबईत जुगार होता तो कापसाच्या आकड्याचा. कापूस आणि सट्टा यांचे नाते तसे जुनेच. १८६१ ते १८६५ या काळातील अमेरिकन यादवी युद्धाने अमेरिकेचा कापूस अडला, इंग्लंडच्या गिरण्या हिंदुस्थानकडे वळल्या आणि मुंबईत पैशाचा पूर आला. युद्ध संपताच तो ओसरला आणि अनेक पेढ्या बुडाल्या. वर्धा खोऱ्यातील हिंगणघाटचा कापूस त्याच शतकात इंग्लंडच्या बाजारात नावाने ओळखला जाऊ लागला आणि तो बंदराकडे नेण्यासाठी या भागात रेल्वेचे जाळे विणले गेले. पुढे न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातील उघडणारा आणि बंद होणारा भाव तारेने मुंबईत येऊ लागला. व्यापाऱ्याला तो सौद्यासाठी हवा असे, तर रस्त्यावरच्या माणसाला पैजेसाठी. आज भाव कोणत्या अंकावर उघडेल आणि कोणत्या अंकावर मिटेल, यावर आणे-रुपये लागू लागले. ‘ओपन’ आणि ‘क्लोज’ हे दोन इंग्रजी शब्द तेव्हापासून गिरणगावाच्या बोलीत आले. ज्या भावावर हिंगणघाटच्या शेतकऱ्याच्या वर्षाची कमाई हेलकावे खात होती, त्याच भावाच्या शेपटावर परळच्या कामगाराचा दिवसाचा पगार लागत होता. कल्याणजींनीही प्रारंभी याच आकड्यावर पैजा घेतल्या.

१९६१ मध्ये न्यूयॉर्कहून असा भाव येण्याची प्रथा थांबली आणि लावणाऱ्यांचे व घेणाऱ्यांचे घोडे अडले. हात शिवशिवणारे लोक होते, पैसे गोळा करणारी माणसे होती, चुकते करण्याची पद्धतही होती. नव्हता तो फक्त आकडा. १९६२ मध्ये कल्याणजींनी तो स्वतःच काढायला सुरुवात केली आणि ‘वरळी मटका’ जन्माला आला. शून्य ते नऊ असे अंक लिहिलेल्या चिठ्ठ्या मातीच्या मडक्यात टाकून एक चिठ्ठी उचलायची, ही मूळ तऱ्हा. मटका हे नाव त्या मडक्यावरूनच पडले. लवकरच चिठ्ठ्यांची जागा पत्त्यांनी घेतली. मडके गेले, नाव मात्र कायम राहिले.

या खेळात पूर्णपणे नवे असे काहीच नव्हते. पत्त्यांचा कॅट घरोघरी होता. तीन पाने काढण्याची चाल तीन पत्तीतून प्रत्येकाच्या अंगवळणी पडलेली होती. बेरजेतील दशक सोडून केवळ एकक धरण्याचा न्याय युरोपातील बॅकारा या खेळातही आढळतो. ‘ओपन-क्लोज’ कापूस बाजारातून आले आणि चिठ्ठी सोडतीतून. नवे होते ते या सर्वांचे एकत्र येणे. कॅटमधून राजा, राणी आणि गुलाम बाजूला काढायचे. उरलेल्या ४० पानांत एक्क्याचा एक आणि दश्शीचे शून्य धरायचे. पाने पिसून तीन काढायची आणि त्यांची बेरीज करायची. तिर्री, छक्की आणि अठ्ठी निघाली तर बेरीज सतरा, अंक सात. हा ‘ओपन’. काही तासांनी पुन्हा तीन पाने, एक्का, पंजी आणि अठ्ठी निघाली तर चौदा, अंक चार. हा ‘क्लोज’. दोन्ही मिळून जोडी चौऱ्याहत्तर. ज्याला एक अंक लावायचा त्याने अंक लावावा, ज्याला जोडी लावायची त्याने जोडी, आणि ज्याला मोठी हाव त्याने तिन्ही पानांचा ‘पाना’ लावावा. वाचता न येणाऱ्यालाही हे नियम पाच मिनिटांत समजत.

गणिताच्या दृष्टीने पाहता ही रचना थक्क करणारी आहे. ४० पानांतून तीन पाने ९,८८० प्रकारे निघू शकतात आणि शून्यापासून नऊपर्यंतच्या प्रत्येक अंकाच्या वाट्याला त्यांपैकी नेमके ९८८ प्रकार येतात. कोणताही अंक दुसऱ्यापेक्षा तसूभरही जड किंवा हलका नाही. पाने २२० प्रकारची होतात आणि प्रत्येक अंकाखाली बरोबर २२ पाने बसतात. म्हणजे खेळ प्रामाणिकपणे काढला, तर लावणाऱ्याला अंक लागण्याची शक्यता दहात एक. रूढ दर मात्र एका रुपयाला नऊ रुपये. जोडी लागण्याची शक्यता शंभरात एक आणि देणे नव्वद रुपये. रुपयामागे दहा पैसे घेणाऱ्याकडे उरतात, मग आकडा कोणताही येवो. त्यातूनच बुकीचे आणि पट्टी लिहिणाऱ्याचे कमिशन निघते. एका संध्याकाळी एखादा कामगार जिंकून जाईल; रोज लावणारे हजार कामगार मिळून मात्र हरणारच. या धंद्याला लबाडीची गरजच नव्हती. प्रामाणिकपणा हेच त्याचे भांडवल होते आणि कल्याणजींनी ते जपले, असे त्यांच्या काळाविषयी लिहिणाऱ्यांचे बहुतांश मत आहे. वरळीतील विनोद महल या त्यांच्या इमारतीच्या आवारातून हा कारभार चाले आणि लागलेल्या आकड्याचे पैसे चुकते होत, अशी ख्याती होती.

या ख्यातीमुळे एक दुसरा माणूस त्यांच्याकडे ओढला गेला. फाळणीनंतर कराचीहून आलेल्या सिंधी कुटुंबातील रतन खत्री हे आरंभी कल्याणजींच्याच बरोबर होते. १९६४ मध्ये ते वेगळे झाले आणि नियमांत थोडेफार बदल करून त्यांनी ‘न्यू वरळी मटका’ सुरू केला. कल्याणजींचा मटका आठवड्याचे सातही दिवस चाले, खत्रींचा सहा दिवस. पुढे ‘मटका किंग’ म्हणून वलय लाभले ते खत्रींना. चित्रपटसृष्टीत त्यांची ऊठबस होती, आणीबाणीत १९ महिने तुरुंगवास झाला आणि ९ मे २०२० रोजी त्यांचे निधन झाले तेव्हा वृत्तपत्रांनी रकानेच्या रकाने भरले. खेळाची मूळ मांडणी करणारे कल्याणजी त्या झगमगाटापासून दूरच राहिले. तरीही त्यांचे नाव टिकले ते वेगळ्याच रूपात. ‘कल्याण’ नावाचा मटका ठाणे जिल्ह्यातील कल्याण शहरावरून ओळखला जातो, असा अनेकांचा समज आहे. वस्तुतः ते नाव कल्याणजींचे.

खेळ मुंबईबाहेर पडला तो दूरध्वनीच्या तारांवरून. आकडा मुंबईत फुटे आणि ट्रंक कॉलने, निरोपाने तो दूरदूरच्या शहरांत पोहोचे. प्रत्येक ठिकाणी पानाची टपरी, सायकलचे दुकान किंवा बाजारातील ओटा हे त्याचे केंद्र. विदर्भात गिरण्या आणि कापसाची मंडई जिथे होती तिथे रोख पैसा फिरत होता आणि आकड्याला तेवढेच पुरेसे होते. हिंगणघाट आणि पुलगाव येथे दोन्ही होते. ज्या जिल्ह्यात १९३६ पासून सेवाग्राम वसले आणि ज्याने पुढे दारूबंदी स्वीकारली, तिथेही ‘वरली’ आणि सट्टापट्टी ही नावे परकी राहिली नाहीत. मागील आकड्यांचे तक्ते घेऊन उद्याचा आकडा शोधणारे ‘अभ्यासू’ निर्माण झाले. स्वप्नाचा अर्थ लावून आकडा सांगणारे बुवा निर्माण झाले. प्रत्येक डाव मागच्यापासून स्वतंत्र असतो, हे साधे गणित त्या तक्त्यांच्या गर्दीत कोणालाच ऐकू आले नाही.

किंमत कोणी मोजली, हे सांगायला आकडेवारी लागत नाही. चार आण्याची पैज क्षुल्लक वाटे, पण ती रोजची होती आणि दिवसातून दोनदा होती. ओपनमध्ये गेलेले क्लोजमध्ये काढण्याची सोय या खेळाच्या रचनेतच होती आणि हीच त्याची सर्वांत घातक करामत मानली पाहिजे. वाण्याची वही भरत गेली, पठाणाचे व्याज चढत गेले, गावाकडची मनीऑर्डर आटत गेली. शासनाची भूमिकाही सरळ नव्हती. १८८७ च्या मुंबई जुगार प्रतिबंधक कायद्याखाली छापे पडत होते आणि १२ एप्रिल १९६९ रोजी महाराष्ट्र सरकारने स्वतःची लॉटरी सुरू केली. एक आकडा गुन्हा आणि दुसरा महसूल, हा भेद गिरणगावातील सामान्य माणसाला कधी पटला असेल असे वाटत नाही. छाप्यात सापडत तो पट्टी लिहिणारा आणि दंड भरून तो दुसऱ्या दिवशी पुन्हा टपरीवर बसे.

१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार घरी बसले आणि त्यांतील अनेकांना गिरणीचे दार पुन्हा उघडलेच नाही. ज्या पगारावर मटका वाढला तो पगारच संपला. मटका मात्र संपला नाही. तो उपनगरांत, इतर जिल्ह्यांत आणि शेजारच्या राज्यांत पसरला. १९८० आणि १९९० च्या दशकांत त्याची उलाढाल महिन्याला ५०० कोटी रुपयांच्या वर गेल्याचे अंदाज आहेत. या काळात पाने उघड्यावर काढण्याची जुनी रीत मागे पडली. कोणत्या आकड्यावर कमी पैसे लागले आहेत हे पाहून तोच आकडा ‘काढला’ जातो, असा आरोप सर्रास होऊ लागला. दहा पैशांचे हक्काचे उत्पन्न देणारी ती समतोल रचना हावेपोटी निरर्थक ठरली. १९९५ नंतर मुंबई पोलिसांनी मोहीम उघडली आणि दोन हजारांहून अधिक असलेली मोठ्या व मध्यम बुकींची संख्या तीनशेच्याही खाली आली. क्रिकेटवरील सट्टा आणि ऑनलाइन लॉटरी यांनी उरलेले गिऱ्हाईक वाटून घेतले.

कल्याणजींच्या निधनानंतर धंद्याची सूत्रे त्यांचे पुत्र सुरेश भगत यांच्याकडे आली होती. शब्दावर उभ्या राहिलेल्या या व्यवहाराचा वारसा मात्र घरातच वादाचा विषय ठरला. जून २००८ मध्ये अलिबाग येथील न्यायालयातून परतताना सुरेश भगत यांच्या गाडीला ट्रकने धडक दिली. त्यांच्यासह गाडीतील इतर जणही मृत्युमुखी पडले. सुरुवातीला अपघात वाटलेली ही घटना कटाचा भाग असल्याचे तपासात पुढे आले. मटक्याच्या साम्राज्यावर ताबा मिळविण्यासाठी ही हत्या घडवून आणल्याचे सरकार पक्षाचे म्हणणे होते. २०१३ मध्ये मुंबईतील विशेष मोक्का न्यायालयाने सुरेश यांची पत्नी आणि मुलगा यांच्यासह सहा जणांना दोषी ठरवून जन्मठेपेची शिक्षा सुनावली. दोषींमधील तो मुलगा कल्याणजींचा नातू होता.