फ्रेंच शिकणारा विन्या

मागच्या पावसाळ्यात आम्ही ताम्हिणीला सासूबाईंकडे गेलो होतो. पुण्यातून निघालो तेव्हा ऊन होतं, मुळशी ओलांडल्यावर गाडीचे वायपर काही थांबेनात. विंझाईचं दर्शन घेऊन घरी पोचलो तर दोन वाजलेले. गरम पिठलं-भात समोर आला. जेवता जेवता सासूबाईंनी नातीला विचारलं, अकरावीला कोणते विषय घेतलेस? लेकीनं सगळे सांगितले आणि जाता जाता मराठीऐवजी फ्रेंच घेतल्याचंही सांगून टाकलं. आठवीपासून येतंय, मार्कही चांगले पडतात, असं तिचं म्हणणं.

सासूबाई काही बोलल्या नाहीत. वाढायला उचललेला भाताचा डाव तेवढा हातातच राहिला. मलाच अपराध्यासारखं झालं. फॉर्मवर सही माझी होती ना!

संध्याकाळी दिवा लावून त्यांनी नेहमीसारखी गीताई उघडली. रोज एक अध्याय, हा त्यांचा कित्येक वर्षांचा नेम. ते पुस्तक बघितलं आणि मला एकदम आठवलं, अरे, हे लिहिणाऱ्यानंसुद्धा शाळेत फ्रेंचच घेतलं होतं की! वाचन झाल्यावर मी सासूबाईंना ही गोष्ट सांगितली. त्यांना ती ठाऊक नव्हती. तुम्हालाही कदाचित नसेल, म्हणून सांगते.

ताम्हिणी घाट उतरलं की रायगड जिल्हा लागतो. त्याच जिल्ह्यात, पेण तालुक्यातल्या गागोदे गावी ११ सप्टेंबर १८९५ ला विनायक नरहर भावे, म्हणजे आपले विनोबा जन्मले. घरात त्यांना विन्या म्हणत. वडील नरहरपंत नोकरीसाठी बडोद्याला होते. विन्या दहाएक वर्षांचा असताना आई रुक्मिणीबाई मुलांना घेऊन तिकडे गेल्या.

वडील शास्त्रीय वृत्तीचे, हिशेबी. रंगांचे प्रयोग करणारे. आई भाविक, शिक्षण बेताचं, पण ओठावर सतत भजनं आणि ओव्या. देवाला लाख तांदूळ वाहायचे म्हणून त्या रोज एकेक दाणा मोजायला बसत. नरहरपंतांनी युक्ती सुचवली, की एक तोळा तांदूळ मोजा, त्यावरून लाखाचं वजन काढा आणि कमी पडायला नको म्हणून वर अर्धा तोळा टाका. रुक्मिणीबाईंना उत्तर सुचेना. त्यांनी विन्याला विचारलं. तो म्हणाला, हा नुसता हिशेब नाही, दाण्यागणिक देवाची आठवण होते, तेव्हा मोजूनच वाहावेत. अशा दोन टोकांच्या मधे तो मुलगा वाढत होता.

हायस्कुलात दुसरी भाषा निवडायची वेळ आली. मुलानं पुढे विलायतेला जावं, मोठं शिक्षण घ्यावं असं वडिलांच्या मनात. म्हणून फ्रेंच. आईला वाटे, ब्राह्मणाच्या मुलाला संस्कृत यायला नको का? विन्यानं फ्रेंच घेतलं, पण आईचं ते वाटणं त्याच्या मनातून गेलं नाही. शाळेत नाही तर नाही, संस्कृत आपलं आपण शिकायचं, असं त्यानं ठरवलं.

१९१५ च्या सुमाराची गोष्ट. रुक्मिणीबाई गीतेवरच्या प्रवचनाला जाऊ लागल्या, पण संस्कृत कळेना. त्यांनी लेकाकडे मराठी गीता मागितली. त्यानं गद्य भाषांतर आणून दिलं. त्यांना पद्य हवं होतं. मग त्यानं वामन पंडितांची समश्लोकी आणली, तीही त्यांना जड गेली. तेव्हा त्या सहज म्हणून गेल्या, मग तूच का नाही करत माझ्यासाठी सोपी गीता? बघा, फ्रेंच शिकणाऱ्या मुलाकडे आईनं मागितलं काय, तर मराठी!

पुढचं सगळं भराभर घडलं. एके दिवशी विन्यानं चुलीपाशी बसून आपली सर्टिफिकिटं जाळली. कधीतरी लागतील रे, असं आईला वाटत होतं, त्याला मात्र ती कधीच लागणार नव्हती. २५ मार्च १९१६ ला इंटरच्या परीक्षेसाठी मुंबईला निघालेला मुलगा सुरतेला गाडीतून उतरला आणि काशीला गेला. जूनमध्ये गांधीजींच्या आश्रमात पोचला. १९१७ मध्ये वर्षभराची रजा घेऊन वाईच्या प्राज्ञपाठशाळेत नारायणशास्त्री मराठ्यांकडे संस्कृत शिकला.

२४ ऑक्टोबर १९१८ ला रुक्मिणीबाई गेल्या. त्यांची गीता अजून लिहायची होती.

ती लिहायला विनोबांनी ७ ऑक्टोबर १९३० ला घेतली आणि ६ फेब्रुवारी १९३१ ला पूर्ण केली. आईला जाऊन बारा वर्षं झाली होती. नाव ठेवलं गीताई, गीता आणि आई एकत्र. तिच्या लाखो प्रती घराघरांत गेल्या, आणि जिनं मागितली होती तिच्या हातात मात्र एकही नाही पडली. मला या सगळ्या चरित्रात हेच सगळ्यात लागतं.

भाषांचा नाद विनोबांना जन्मभर पुरला. तुरुंगात त्यांनी दक्षिणेकडच्या चारही भाषांचा अभ्यास केला. कुराण मुळातून वाचायचं म्हणून अरबी शिकले. १९५१ पासून भूदानासाठी देशभर पायी हिंडले. १९५९ मध्ये पवनारला स्त्रियांसाठी ब्रह्मविद्या मंदिर काढलं. १५ नोव्हेंबर १९८२ ला तिथेच देह ठेवला. परकी भाषा शिकून हा माणूस काही परका झाला नाही. उलट जे शिकला ते आईला समजेल अशा बोलीत घरी आणायचं, हे त्याला कळलं होतं.

सासूबाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग नातीला जवळ बोलावलं आणि म्हणाल्या, आण तुझं फ्रेंचचं पुस्तक, काय लिहिलंय ते मला मराठीत सांग. धडा तिकडच्या सणांवर आणि जेवणखाणावर होता. लेकीनं सुरुवात तर झोकात केली, पण दर वाक्याला अडायला लागली. फ्रेंच कळत होतं. आजीला कळेल असा मराठी शब्द सापडत नव्हता, मधेमधे इंग्रजीच येत होतं. खरी गोम कुठे आहे ते मला त्या दिवशी समजलं. सहीबद्दलची रुखरुख गेली, ही नवी लागली.

आता ठरलंय असं, की महिन्याला एक धडा मोठ्या अक्षरात, सोप्या मराठीत लिहून ताम्हिणीला पाठवायचा. सासूबाईंनी ऐंशी ओलांडलीये. लेकीला मी बजावलंय, परीक्षा झाल्यावर लिहीन असं म्हणू नकोस. पहिला धडा गेलाय. दोन शब्द कळले नाहीत, असा सासूबाईंचा फोनही आलाय.