दोन राजापूर, एक पाऊस आणि शाहू महाराजांचं धरण

राजर्षी शाहू महाराज जयंती विशेष

राजापूर : पावसाळ्यात मोबाईलवर एक बातमी दरवर्षी येते आणि दरवर्षी आपल्याकडची दोन-चार माणसं घाबरतात. राजापूर बंधाऱ्याची पाणीपातळी वाढली, विसर्ग सुरू, नदीकाठच्या गावांना सतर्कतेचा इशारा. मग मुंबईकरांचे फोन सुरू होतात, जवाहर चौकात पाणी आलं काय म्हणून. पण ते राजापूर आपलं नव्हे. ते कोल्हापूर जिल्ह्यातलं, शिरोळ तालुक्यातलं, कृष्णेच्या काठावरचं. कृष्णा महाराष्ट्र सोडून कर्नाटकात शिरते, त्या टोकाला ते गाव आणि तो बंधारा आहे.

नकाशा उघडून बघा. ही दोन्ही राजापुरं जवळजवळ एकाच अक्षांशावर आहेत. मध्ये अंतर सरळ रेषेत सुमारे १२५ किलोमीटर. पण आपल्या राजापुरात वर्षाला ३,००० मिलीमीटरच्या वर पाऊस पडतो आणि त्या राजापूरच्या शिरोळ तालुक्यात ५०० च्या आसपास. मध्ये अणुस्कुऱ्याचा डोंगर आहे, एवढंच काय ते कारण. समुद्रावरून आलेली दमट हवा सह्याद्रीला धडकते, वर चढते, थंड होते आणि तिच्यातलं पाणी आपल्या अंगावर आणि घाटमाथ्यावर ओतून मोकळी होते. पलीकडे ती उतरते तशी गरम आणि कोरडी होत जाते. ढग दिसतात, पण पडत नाहीत. पुस्तकात याला पर्जन्यछायेचा प्रदेश म्हणतात.

हा पाऊस देशभर असाच वागतो. हवामान खातं जून ते सप्टेंबरचा देशाचा सरासरी पाऊस ८७ सेंटीमीटर सांगतं. पण मेघालयात मौसिनरामला वर्षाला ११,००० मिलीमीटरच्या वर पडतो, जैसलमेरला २०० सुद्धा धड होत नाही, आणि तामिळनाडूचा बराचसा पाऊस तर आपला पावसाळा संपल्यावर, ऑक्टोबरनंतर येतो. सरासरीच्या आकड्यावर कुणाचंच शेत पिकत नाही. ही गोष्ट सव्वाशे वर्षांपूर्वी एका राजाला आपल्या संस्थानात फिरताना कळली, आणि त्याने तिच्यावर काम केलं. आज २६ जून, त्यांची जयंती. शाहू महाराज म्हटलं की आरक्षण, वसतिगृहं, शिक्षण हे सगळं आपण ऐकत आलोय आणि ते ऐकायलाच हवं. आज मात्र पावसाच्या अंगाने त्यांची गोष्ट सांगायची आहे, कारण हा पाऊस आपल्या दारातून पुढे जातो.

कागलच्या घाटगे घराण्यात २६ जून १८७४ रोजी त्यांचा जन्म झाला. नाव यशवंतराव. १८८४ साली चौथ्या शिवाजी महाराजांच्या पत्नी आनंदीबाई यांनी त्यांना दत्तक घेतलं आणि ते कोल्हापूरच्या गादीचे वारस झाले. शिक्षण राजकोटच्या राजकुमार कॉलेजात, मग धारवाडला फ्रेझर यांच्या हाताखाली. २ एप्रिल १८९४ रोजी राज्यकारभार हाती आला, तेव्हा वय विशीच्या आतच होतं.

जे संस्थान हाती आलं त्याचा आकार बघण्यासारखा होता. पश्चिमेला सह्याद्रीचा माथा. भुदरगड, पन्हाळ्याकडचा डोंगरी मुलूख, आणि त्याला लागून गगनबावडा, विशाळगडच्या जहागिरी. पूर्वेला शिरोळचा सपाट काळा मुलूख आणि त्याच्याही पलीकडे, आज कर्नाटकात असलेलं रायबाग. आजच्या हिशेबाने गगनबावड्याला वर्षाला ५,००० मिलीमीटरच्या वर पाऊस आणि शिरोळला त्याचा दहावा भाग. एकाच राजाच्या एका प्रजेची भातखाचरं वाहून जात आणि त्याच दिवशी दुसरी प्रजा आभाळाकडे बघत बसे. पश्चिमेकडे भात, नाचणी. पूर्वेकडे ज्वारी, तंबाखू. दोन वेगळे देशच म्हणा ना.

राज्य हाती येऊन दोन पावसाळे झाले नाहीत तोच १८९६ चा दुष्काळ आला. दख्खनभर पावसाने दगा दिला. बावीस वर्षांचा राजा दौऱ्यावर निघाला. सरकारी मदतीने स्वस्त धान्याची दुकानं उघडली, शेतकऱ्यांना तगाई दिली, सारा तहकूब केला, रस्ते आणि विहिरींची कामं काढून लोकांच्या हाताला काम दिलं. निराधार माणसांची जेवणाखाण्याची सोय केली, जनावरांसाठी चाऱ्याची सोय केली. कामावर येणाऱ्या बायांची लहान पोरं सांभाळायला जागा केली, ही तर आजही रोजगार हमीच्या कामावर धड होत नाही अशी गोष्ट. त्यातच प्लेग आला. दुष्काळ आणि प्लेग एकदम.

मग १८९९. त्या काळी भारताच्या हवामान खात्याचे प्रमुख जॉन इलियट होते. दरवर्षी ते पावसाळ्याचा अंदाज काढायचे. १८९९ ला त्यांनी पाऊस चांगला होईल असं सांगितलं, आणि प्रत्यक्षात त्या शतकातला एक भीषण दुष्काळ पडला. त्यांच्यानंतर आलेले गिल्बर्ट वॉकर यांनी १९२० च्या दशकात अख्ख्या देशाचा एकच अंदाज सांगणं सोडून दक्षिणेचं द्वीपकल्प वेगळं आणि वायव्य भारत वेगळा, असे भाग पाडले. म्हणजे गणितात केंब्रिजला पहिला आलेला माणूसही शेवटी इथेच आला, की सगळ्या देशाला एक पाऊस नसतो. कोल्हापुरात मात्र हे समजायला अंदाजाची गरज नव्हती. पश्चिमेला पाणी होतं, पूर्वेला नव्हतं. प्रश्न ते तिकडे न्यायचं कसं, एवढाच होता.

१९०२ साली महाराज सातव्या एडवर्डच्या राज्यारोहणासाठी इंग्लंडला गेले. परतल्यावर त्याच वर्षी संस्थानाचं पाटबंधारे धोरण ठरलं. शंकर सीताराम गुप्ते यांच्याकडे हे काम सोपवलं. गावोगावच्या विहिरी आणि तलावांची पाहणी झाली, कुठला तलाव गाळाने भरलाय, कुठे नवा होईल, याची नोंद झाली. हे काम दिसायला किरकोळ, आणि म्हणूनच त्याची आठवण फार कुणी काढत नाही. माझ्या मते खरं शहाणपण इथेच होतं. आधी आहे ते मोजा, मग मोठ्या गोष्टी करा.

मोठी गोष्ट म्हणजे भोगावती नदीवरचं धरण. जागा निवडली ती दाजीपूरच्या रानाजवळ, जिथे पाऊस धो धो कोसळतो. आता वाटेल, पाणी हवंय पूर्वेला तर धरण पश्चिमेला का? पण तेच तर गणित होतं. शिरोळला पाऊसच नाही, तिथे धरण बांधून भरायचं कशाने? भोगावती पुढे कासारी, कुंभी, तुळशीला मिळून पंचगंगा होते, पंचगंगा नरसोबाच्या वाडीला कृष्णेत जाते. म्हणजे नदी स्वतःच पश्चिमेचं पाणी पूर्वेला नेते. फक्त ती चार महिन्यांत सगळं नेऊन टाकते आणि उन्हाळ्यात हात वर करते. तेव्हा पावसाच्या जागी पाणी धरून ठेवायचं आणि नदीतूनच हळूहळू सोडायचं. कालव्याचा मोठा खटाटोपही नको.

धरणाजवळच्या गावाला महाराजांनी आपल्या कन्येचं, राधाबाई अक्कासाहेबांचं नाव दिलं, राधानगरी. १९०९ च्या सुमारास प्रत्यक्ष काम सुरू झालं. एका संस्थानाच्या तिजोरीतून एवढं धरण बांधायचं म्हणजे थट्टा नव्हे. कोकणातून वर चढणाऱ्या त्या दऱ्यांत जूनपासून काम बंद, चार महिने नुसता पाऊस. दगड, चुना, माणसं सगळं रानात न्यायचं. भिंत वर येत होती पण पैसा संपत होता, मग महायुद्ध आलं. १९१८ पर्यंत भिंत सुमारे ४० फूट उंच झाली आणि काम थांबलं.

त्याच काळात दुसरीकडे काय काय चाललं होतं ते बघितलं की थक्क व्हायला होतं. १९०२ मध्ये नोकऱ्यांत मागासवर्गीयांसाठी ५० टक्के जागा, १९१७ मध्ये सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा हुकूम, गूळ आणि व्यापारासाठी शाहूपुरी, कापडाची गिरणी, खासबागचं कुस्ती मैदान, १९२० ची माणगाव परिषद. हे सगळं एका माणसाच्या २८ वर्षांच्या राज्यात. ६ मे १९२२ रोजी मुंबईत त्यांचं निधन झालं. वय ४७. पाऊस यायला महिना होता आणि राधानगरीची भिंत अर्धीच उभी होती.

ती पुरी व्हायला स्वातंत्र्य मिळावं लागलं, १९५० च्या दशकात ती पूर्ण उंचीची झाली. आज तिथे ८.३६ टीएमसी पाणी मावतं. पाण्याच्या दाबाने आपोआप उघडणारे तिचे सात दरवाजे म्हणजे कोल्हापूरकरांची दर पावसाळ्यातली बातमी, आज किती उघडले, किती मिटले. आणि नदीत सोडलेलं पाणी अडवून उचलायला जे बंधारे बांधले, पाऊस सरला की बरगे घालायचे आणि पावसाळ्याआधी काढायचे, त्यांना अख्खा महाराष्ट्र कोल्हापूर पद्धतीचे बंधारे म्हणून ओळखतो. आपल्याकडेही वहाळांवर ते आहेत.

सगळं गोडच झालं असं नाही. पाणी आलं तसा ऊस आला, आणि ऊस आल्यावर पाणी कितीही पुरेना. नदीकाठची काळी जमीन काही ठिकाणी खारपड झाली. आणि जो पाऊस पूर्वेच्या गावांना कधी मिळत नव्हता तो पुराच्या रूपाने घरात शिरू लागला. ऑगस्ट २०१९ ला शिरोळ तालुक्यातली गावं बुडाली ती तिथे पडलेल्या पावसाने नव्हे, तर पश्चिमेच्या घाटमाथ्यावर पडलेल्या पावसाने. २०२१ ला पुन्हा तेच. कमी पावसाच्या तालुक्यात होड्या चालल्या.

आता जरा आपल्या बाजूने. अर्जुना त्याच डोंगरातून निघते, पण पश्चिमेला उतरते. डोंगरापासून खाडीपर्यंत तिला धावायला जागाच नाही. वर कातळाचा सडा, त्यावर माती वीतभर, पाणी पडलं की वहाळातून सरळ नदीत आणि नदीतून खाडीत. त्यात भरती असली की कोदवली नदी फुगते आणि बाजारपेठ पाण्यात. जुलैत दुकानं उचलायची आणि एप्रिलमध्ये काही वाड्यांवर टँकरची वाट बघायची, हे एकाच गावात एकाच वर्षात होतं. आपल्याकडे पाऊस कमी नाही, तो थांबत नाही. शहराला पाणी पुरवणारं कोदवलीचं सायबाचं धरण इंग्रजांच्या काळातलं. डोंगरातून आपसूक उताराने पाणी येईल अशी जागा तेव्हाही कुणीतरी नीट बघितली होती. करकचं अर्जुनेवरचं धरण तर आपल्या डोळ्यांसमोर झालं. पण प्रत्येक सड्यावर, प्रत्येक वाडीच्या वरच्या अंगाला किती पाणी पडतं आणि किती अडतं, अशी गावोगावची पाहणी, जशी गुप्त्यांनी कोल्हापुरात केली, ती ग्रामपंचायतीच्या ग्रामसभेत मागायला काय हरकत आहे? त्याला राजा लागत नाही.

मे महिन्यात कोल्हापूरला गेलात आणि शिरोळकडे जाणं झालं तर त्या दुसऱ्या राजापूरला जाऊन या. बंधाऱ्याला बरगे घातलेले असतात, मागे कृष्णा तुडुंब उभी असते. त्यात कोयनेचं पाणी असतं, वारणेचं असतं, आणि राधानगरीतून सोडलेलं, मागच्या जुलैत दाजीपूरच्या रानात पडलेलं पाणीही असतं. काठावर मोटारी चालू असतात आणि वर आभाळ कोरडं.