बाजारात विकला गेलेला मलिक अंबर

मैत्रिणींनो, आपल्या दिवेआगर-श्रीवर्धनच्या या मुलुखाला इतिहासात एक नाव आहे, हबसाण. हबशांचा मुलूख म्हणून हबसाण! १९४८ साली जंजिरा संस्थान विलीन होईपर्यंत इथे सिद्दी नवाबांचा अंमल होता. घरी पाहुणे आले की आपण त्यांना मुरूडचा किल्ला दाखवायला हौसेनं नेतो. पण हे सिद्दी, म्हणजेच हबशी, समुद्रापलीकडच्या आफ्रिकेतून इथवर आले कसे, हा प्रश्न आपल्याला फारसा पडत नाही. काही व्यापारी, खलाशी म्हणून आले. पण कितीतरी जणांना गुलाम म्हणून विकून आणलं होतं. त्यांच्यापैकीच एक मलिक अंबर.

साधारण १५४८ साली इथिओपियात त्याचा जन्म झाला. आईबापांनी ठेवलेलं नाव चापू. कोवळ्या वयातच तो गुलामांच्या बाजारात उभा राहिला. हातोहात विकला जात तो बगदादला पोचला. तिथल्या मालकानं त्याला लिहायला-वाचायला, हिशेब ठेवायला शिकवलं. नावही बदलून अंबर ठेवलं. म्हणजे घर गेलं, आई गेली आणि तिनं हाक मारायचं नावसुद्धा गेलं!

पुढे तो समुद्र ओलांडून दख्खनेत आला. अहमदनगरच्या निजामशाहीचा पेशवा चंगेझखान यानं त्याला विकत घेतलं. गंमत अशी, की हा पेशवाही एकेकाळचा हबशी गुलामच. त्याच्या हाताखाली अंबर राज्यकारभार शिकला. चंगेझखान वारला तेव्हा त्याच्या विधवेनं अंबरला गुलामीतून मोकळं केलं. त्या बाईचं नाव आपल्याला माहीत नाही, पण पुढचा सगळा इतिहास तिच्या त्या एका निर्णयावर उभा आहे.

मोकळा झालेला अंबर काही वर्षं विजापूरकरांच्या चाकरीत राहिला, मग पुन्हा निजामशाहीत परतला. १६०० साली चांदबिबी मारली गेली आणि अहमदनगरचा किल्ला मोगलांनी घेतला. निजामशाही संपली असंच सगळ्यांना वाटलं. पण अंबरनं निजामशाही घराण्यातल्या एका मुलाला गादीवर बसवलं आणि स्वतः पंचवीसेक वर्षं मोगलांशी झुंज दिली. त्याच्या फौजेत मराठे सरदार होते. शिवाजी महाराजांचे वडील शहाजीराजे त्यातलेच. १६२४ साली अहमदनगरजवळ भातवडीला मोगल आणि आदिलशाही अशा दोन्ही फौजा एकत्र आल्या, तरी अंबरनं त्यांना हरवलं. कमी माणसांनिशी अचानक छापे घालून शत्रूला जेरीला आणायचं, ही त्याची रीत.

लढाईइतकंच त्याचं कारभारातही लक्ष होतं. जमिनीचा कस बघून सारा ठरवायची त्याची पद्धत मलिकंबरी म्हणून पुढेही नावाजली गेली. १६१० साली त्यानं खडकी हे शहर वसवलं, तेच नंतरचं औरंगाबाद, आजचं छत्रपती संभाजीनगर. डोंगराकडचं पाणी जमिनीखालून, नुसत्या उतारावर, नळांनी शहरात आणलं. ही नहर-ए-अंबरी. डोक्यावर हंडे वाहिलेल्या बाईला त्याची किंमत वेगळी सांगायला नको!

त्या काळी सगळ्यात बलाढ्य बादशहा होता जहांगीर. त्याला अंबर कधीच हाती लागला नाही. मग त्यानं एक चित्र काढून घेतलं. त्यात बादशहा अंबरच्या तोडलेल्या मुंडक्यावर बाण मारतोय! आठवणी लिहितानाही तो अंबरच्या काळ्या रंगावरून हिणवत राहिला. १६२६ साली मलिक अंबर वारला, तो म्हातारा होऊन, कुणाचाही गुलाम नसताना. खुलताबादला त्याची कबर आहे आणि जवळच पत्नी बीबी करीमाची.

अशी गोष्ट वाचली की वाटतं, कर्तबगार माणसाला गुलामीही अडवू शकत नाही. पण एक अंबर झाला, बाकीच्या हजारोंचं काय? पोर्तुगीजांनी गोव्यात आणलेल्या गुलामांपैकी कितीतरी जण पळून जंगलात शिरले. त्यांचे वंशज आज कर्नाटकात यल्लापूर, हल्याळच्या रानात राहतात, कोकणी बोलतात. त्या सिद्दी बायका जुन्या कपड्यांच्या सुंदर गोधड्या शिवतात, अगदी आपल्यासारख्या! त्यांना अनुसूचित जमातीचा दर्जा मिळायला २००३ साल उजाडलं. आणि गुलामी काही परक्यांचीच नव्हती. पेशवाईत आपल्याकडेही कुणबिणी विकत मिळत, घरोघरी राबत. १८४३ च्या कायद्यानं गुलामीचा कायदेशीर आधार काढून घेतला.

कायद्यानं गुलामी गेली, पण तिनं मागे ठेवलेलं बरंच आपल्या जिभेवर आहे. काळ्या मुलाला आजही कुणी सहज ‘हबशी’ म्हणून चिडवतं. बचत गटात स्थळांच्या गप्पा निघाल्या, की मुलीच्या शिक्षणाआधी तिचा रंग विचारला जातो. जहांगीर जे करत होता त्याहून हे फार वेगळं आहे का? गोरा रंग म्हणजे मालकाचा आणि काळा म्हणजे चाकराचा, हा हिशेब आपण विनाकारण पुढे चालवतोय.

एवढंच करू या. पोरांना जंजिरा दाखवताना तोफांबरोबर चापूचीही गोष्ट सांगू या. आणि लेकीची माहिती लिहून देताना रंगाचा रकाना खुशाल कोरा सोडू या.