रागांचा हिशेब लावणारा वकील : पं. विष्णु नारायण भातखंडे

आपल्या होस्टेलच्या कुठल्याही रूमवर जा, कुणाच्या तरी लॅपटॉपवर पाच-सात हजार गाणी नक्की सापडतील. पेनड्राइव्हवरून आलेली, सीनिअर्सनी मागे ठेवलेली, 'ट्रॅक ०१' आणि 'न्यू फोल्डर' अशा नावांची. गाणी आहेत, पण हवं ते गाणं हव्या वेळी सापडत नाही! मग कुणीतरी हुशार मित्र म्युझिक लायब्ररीच्या सॉफ्टवेअरमध्ये स्मार्ट प्लेलिस्ट करून देतो. गायक अमुक, साल तमुक, महिनाभरात न ऐकलेलं, अशा अटी घातल्या की यादी आपोआप तयार. नवीन गाणं आलं तरी अटीत बसलं की आपसूक यादीत जाऊन बसतं.

आयट्यून्समध्ये ही सोय २००२ साली आली. पण तिच्या मुळाशी असलेला विचार, म्हणजे आधी प्रत्येक चिजेची नीट माहिती लिहा आणि मग अटी लावून शोधा, हा आपल्या संगीतात शंभर वर्षांपूर्वी एका मराठी माणसाने आणला होता. तोही कागद, दौत आणि रेल्वेच्या तिकिटावर. त्यांचं नाव पंडित विष्णु नारायण भातखंडे.

भातखंडे यांचा जन्म १० ऑगस्ट १८६० रोजी मुंबईत वाळकेश्वर येथे झाला. लहानपणापासून गाण्याची आवड. पुढे सतारही शिकले. पण त्या काळी चांगल्या घरातल्या मुलाने गाण्यावर पोट भरणं लोकांना पटत नसे. म्हणून रीतसर शिक्षण चालू राहिलं. १८८५ मध्ये बी. ए., १८८७ मध्ये एलएल. बी. काही काळ कराचीला आणि नंतर मुंबईत वकिली. मात्र १८८४ पासूनच ते मुंबईच्या गायन उत्तेजक मंडळीत जात होते. तिथे रावजीबुवा बेलबागकरांकडून ध्रुपदं, अली हुसेन आणि विलायत हुसेन यांच्याकडून ख्याल त्यांनी शिकून घेतले.

शिकता शिकता वकिलाचं डोकं एका प्रश्नावर अडलं. एकाच रागाला एक उस्ताद एक नाव देतो, दुसरा दुसरं. नाव तेच, पण दोन घराण्यांत स्वर वेगळे. नियम विचारला तर उत्तर एकच, आमच्या गुरूंनी असं शिकवलं. बरं, जुने संस्कृत ग्रंथ उघडावेत, तर त्यातले राग आणि प्रत्यक्ष मैफलीत गायले जाणारे राग यांचा मेळ बसत नाही. त्यात बंदिशी म्हणजे घराण्याची तिजोरी. उस्ताद गेले की त्यांच्याबरोबर शेकडो चिजा गेल्या. बॅकअप नाही, कॉपी नाही!

याच सुमारास घरात आभाळ कोसळलं. १९०० मध्ये पत्नी गेली, १९०३ मध्ये एकुलती एक मुलगी. भातखंडे यांनी वकिली सोडली, पुन्हा संसार मांडला नाही. पुढची तीस वर्षं एकाच कामाला दिली.

१९०४ मध्ये ते दक्षिणेत गेले. १९०७ मध्ये नागपूर, कलकत्ता असा पूर्वेकडचा प्रवास केला. म्हणजे आपल्या हिंगणघाटपासून पाऊणशे किलोमीटरवर ते येऊन गेले. १९०८ मध्ये उत्तरेत अलाहाबाद, बनारस, लखनौ, दिल्ली, जयपूर. जिथे जातील तिथे ग्रंथालयं धुंडाळायची, हस्तलिखितांच्या नकला करून घ्यायच्या, विद्वानांना प्रश्नांची सरबत्ती करायची आणि रात्री सगळं डायरीत उतरवायचं. गवयांकडून चिजा मिळवणं सर्वांत अवघड. त्यासाठी कुणाची मनधरणी केली, कुणाचा गंडा बांधला. रामपूरला जाऊन वझीर खाँसाहेबांचं शिष्यत्व पत्करलं. जयपूरच्या मुहम्मद अली खाँ यांच्याकडूनही मनरंग परंपरेच्या कितीतरी बंदिशी मिळवल्या.

आता खरी गंमत इथे आहे, आणि ती आपल्यासारख्या इंजिनिअरिंगवाल्यांना लगेच कळेल. दक्षिणेत त्यांना सतराव्या शतकातल्या व्यंकटमखीची ७२ मेळांची पद्धत सापडली. गणिताने एकदम चोख! तसाच हिशेब हिंदुस्थानी संगीताला लावू. सा आणि प अचल. रे, ग, म, ध, नी या पाच स्वरांची प्रत्येकी दोन रूपं. सात स्वर घ्यायचे, एका स्वराचं एकच रूप घ्यायचं, तर दोनाचा पाचवा घात, म्हणजे ३२ थाट होतात. सरळ पाच बिट्‌स! त्यातून सहा आणि पाच स्वरांचे आरोह-अवरोह धरले तर एका थाटातून ४८४ राग निघू शकतात.

पण भातखंडे गणितावर भाळले नाहीत. लोक प्रत्यक्षात जे गातात ते त्यांनी पाहिलं, आणि ३२ पैकी फक्त दहा थाट ठेवले : बिलावल, कल्याण, खमाज, भैरव, पूर्वी, मारवा, काफी, आसावरी, भैरवी, तोडी. मग प्रत्येक रागाची जणू एक नोंदच तयार केली. थाट कोणता, आरोह-अवरोह कसा, जाती कोणती, वादी-संवादी कोण, गायची वेळ काय.

एवढे रकाने कशाला, असं वाटेल. उदाहरण घ्या. सा, रे, ग, प, ध एवढेच शुद्ध स्वर, अशी अट लावली तर भूपही येतो आणि देसकारही. स्वर तेच, राग दोन! आता वादीचा रकाना जोडा. वादी ग असेल तर भूप, ध असेल तर देसकार. त्यावरून वेळही कळते. वादी सप्तकाच्या पूर्वार्धात असेल तर राग साधारण दुपारी बारा ते रात्री बारा यातला, उत्तरार्धात असेल तर रात्री बारा ते दुपारी बारा यातला. म्हणून भूप रात्रीच्या पहिल्या प्रहरी, देसकार सकाळी. कोमल रे, शुद्ध ग आणि शुद्ध नी एकत्र आले की बहुधा संधिप्रकाश राग. त्यात तीव्र मध्यमाचा जोर असेल तर संध्याकाळ, शुद्ध मध्यमाचा असेल तर पहाट. अटीवर अट लावत नेमक्या जागी पोचायचं, याला आपण आज ॲडव्हान्स्ड सर्च म्हणतो.

हे सगळं त्यांनी आधी 'चतुर पंडित' या नावाने संस्कृतात 'श्रीमल्लक्ष्यसंगीतम्' या ग्रंथात मांडलं, आणि मग सामान्य माणसाला कळावं म्हणून मराठीत 'हिंदुस्थानी संगीत पद्धति'चे चार भाग लिहिले. बंदिशींसाठी साधी-सोपी स्वरलिपी केली. कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी रेघ, मंद्राला खाली टिंब, तारसप्तकाला वर टिंब. 'क्रमिक पुस्तक मालिके'च्या सहा भागांत अठराशेच्या आसपास बंदिशी छापल्या. तिजोरी सगळ्यांसाठी उघडी झाली!

एकट्याने नियम ठरवून भागत नाही, हेही ते जाणून होते. १९१६ मध्ये सयाजीराव गायकवाडांच्या आश्रयाने बडोद्याला पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली. पुढे दिल्ली, बनारस, लखनौ. गवई आणि पंडित समोरासमोर बसवून रागांच्या रूपांवर चर्चा घडवली. १९१८ मध्ये ग्वाल्हेरचं माधव संगीत विद्यालय आणि १९२६ मध्ये लखनौचं मॅरिस कॉलेज उभं राहिलं. मॅरिस कॉलेज आज भातखंडे संस्कृती विश्वविद्यालय म्हणून ओळखलं जातं. त्यांचे शिष्य श्रीकृष्ण रातंजनकर यांनी ते अनेक वर्षं सांभाळलं.

टीका झाली नाही असं नाही. स्वतः मैफलीचे गवई नसलेल्या माणसाने नियम का सांगावेत, असं म्हटलं गेलं. दहा थाटांत सगळं मावतही नाही. पटदीपात कोमल ग आणि शुद्ध नी, तो काफीत नीट बसत नाही. ललितात दोन्ही मध्यम, तरी तो मारवा थाटात घातला. अशिक्षित उस्तादांविषयी त्यांचं मत कठोर होतं, असंही अलीकडच्या अभ्यासकांनी दाखवलं आहे. हे सगळं खरं. पण त्यांच्या पद्धतीतली चूक दाखवायची तरी तिचीच भाषा वापरावी लागते, यातच त्यांचं मोठेपण आलं.

१९३३ मध्ये त्यांना पक्षाघात झाला. तीन वर्षं अंथरुणात काढून १९ सप्टेंबर १९३६ रोजी त्यांनी देह ठेवला. १९६१ मध्ये भारत सरकारने त्यांच्या नावाने टपाल तिकीट काढलं.

आपण हिंगणघाटचे. इंग्रजांच्या काळात 'हिंगणघाट' हे कापसाच्या बाजारात प्रतीचं नाव होतं. प्रतवारी झाल्याशिवाय ढिगाऱ्याला भाव नाही, हे इथे कुणाला शिकवायला नको. गाण्यांचंही तसंच. एखाद्या रविवारी शंभर गाणी घ्या. राग, थाट, वेळ प्रत्येकाच्या माहितीत भरा. एका रागाचं स्पेलिंग एकच ठेवा, नाहीतर यमन एकीकडे आणि इमन दुसरीकडे जाईल! मग अट लावा : वेळ संध्याकाळ, थाट मारवा, आणि दोन्ही अटी पूर्ण व्हायला हव्यात. यादी क्षणात येईल. सॉफ्टवेअर फक्त शोधतं. माहिती भरण्याचं काम माणसालाच करावं लागतं. एका माणसाने ते अख्ख्या संगीतासाठी केलं, आयुष्य खर्ची घालून. त्या चतुर पंडिताला आपला मानाचा मुजरा!