कल्पना चावला: शटलचं सॉफ्टवेअर तपासणारी इंजिनिअर

कल्पना चावला आपण सगळ्यांनी शाळेत जीकेच्या पुस्तकात वाचल्यात. पण त्यांनी सॉफ्टवेअर टेस्टिंगही केलं होतं, हे मला स्वतः सॉफ्टवेअर इंजिनिअर झाल्यावर कळलं. म्हणून आज त्यांची गोष्ट जरा वेगळ्या बाजूने बघूया.

कर्नाल ते नासा

हरियाणातल्या कर्नालमध्ये जन्म. १९८२ मध्ये चंदीगडहून एरोनॉटिकल इंजिनिअरिंग, मग अमेरिकेत मास्टर्स आणि १९८८ मध्ये पीएचडी. त्याच वर्षी नासाच्या एम्स सेंटरमध्ये त्यांनी काम सुरू केलं. विमानाभोवती हवा कशी वाहते, याचा कॉम्प्युटरवर हिशोब करायचा, हा त्यांचा विषय. १९९४ मध्ये अंतराळवीर म्हणून निवड झाल्यावर त्यांच्याकडे आलेल्या कामांपैकी एक होतं, शटलचं कंट्रोल सॉफ्टवेअर प्रयोगशाळेत तपासणं. १९९७ मध्ये त्या कोलंबिया शटलमधून पहिल्यांदा अंतराळात गेल्या.

पंखाची कड आणि सील

शटल परत येताना पंखाची पुढची कड सुमारे १,६०० अंश सेल्सिअसपर्यंत तापायची. तिथे 'आरसीसी'ची पॅनेल असायची. हे बिल्डिंगचं आरसीसी नाही बरं का, रीइन्फोर्स्ड कार्बन-कार्बन! एका पंखाला अशी २२ पॅनेल. तापल्यावर ती प्रसरण पावतात, म्हणून मध्ये फट ठेवावी लागते. पण फटीतून गरम वायू आत गेला तर आतलं ॲल्युमिनियम वितळणार. म्हणून प्रत्येक फटीवर इंग्रजी टीच्या आकाराचं सील.

२००३ ची मोहीम

१६ जानेवारी २००३ ला कल्पना दुसऱ्यांदा निघाल्या, पुन्हा कोलंबियातूनच. उड्डाणानंतर सुमारे ८२ सेकंदांनी बाहेरच्या टाकीवरचा फोमचा तुकडा डाव्या पंखावर आदळला. जमिनीवरच्या इंजिनिअरांनी नुकसानीचा अंदाज काढायला एक मॉडेल वापरलं. पण ते मॉडेल अगदी लहान तुकड्यांच्या चाचण्यांवर बेतलेलं होतं आणि हा तुकडा त्यापेक्षा शेकडो पट मोठा होता. आकडे काळजी करण्यासारखे आले, तरी मॉडेल नेहमी जास्तच दाखवतं असं समजून ते बाजूला ठेवले गेले.

१ फेब्रुवारीला परत येताना गरम वायू पंखात शिरला. पंख बिघडत होता, यान डावीकडे ओढलं जात होतं आणि कंट्रोल सॉफ्टवेअर ते सरळ ठेवायला शेवटपर्यंत धडपडत होतं. उतरायला सुमारे १६ मिनिटं उरली असताना यान तुटलं. सातही जण गेले.

चाचणी झाली, पण नंतर

त्याच वर्षी टेक्सासमध्ये खऱ्या पॅनेलवर तोफेसारख्या यंत्राने फोम मारून बघितला. जूनमध्ये पॅनेलला तडा गेला, शेजारच्या सीललाही इजा झाली. ७ जुलैच्या चाचणीत तर पॅनेलला सुमारे ४० सेंटिमीटरचं भोक पडलं. हलका फोम एवढं करू शकतो यावर तोवर अनेकांचा विश्वास नव्हता. २००५ पासून शटल परत यायच्या आधी लांब दांड्यावरच्या कॅमेऱ्याने पंख तपासायला सुरुवात झाली.

टेस्ट केस पास झाली की मी पूर्वी निवांत व्हायचो. आता आधी विचारतो, ही टेस्ट नक्की कुठपर्यंतची आहे? त्यापलीकडचं उत्तर म्हणजे फक्त अंदाज. कल्पना चावलांचा फोटो दिसला की मला हेच आठवतं.