थोरांची ओळख : डॉ. वसंत रामजी खानोलकर



गेल्या महिन्यातील श्रमदानात आठवीच्या मुलांनी शाळेच्या मागच्या भिंतीलगतची नाली साफ केली. कचऱ्यात सर्वांत जास्त निघाल्या त्या पान मसाल्याच्या आणि तंबाखूच्या रिकाम्या पुड्या. दोन बादल्या भरल्या. पुडीवर एवढे भयंकर चित्र छापलेले असताना लोक ती विकत का घेतात, असे एका मुलीने मला विचारले. त्या वेळी मला नीट उत्तर देता आले नाही. घरी आल्यावर मात्र एका माणसाची आठवण झाली. ही चित्रे आपल्या देशात २००९ पासून छापली जाऊ लागली. त्याच्या साठ-पासष्ट वर्षे आधी, तोंडाचा कर्करोग आणि तोंडात धरलेली तंबाखू यांचा संबंध मुंबईत हजार रोग्यांच्या नोंदी तपासून दाखवणारे डॉक्टर मराठी होते. ते डॉ. वसंत रामजी खानोलकर. या अंकात त्यांचीच ओळख करून घेऊ या.

डॉ. खानोलकरांचा जन्म १३ एप्रिल १८९५ रोजी एका गोमंतकीय कुटुंबात झाला. वैद्यकीय शिक्षणासाठी ते इंग्लंडला गेले आणि १९२३ मध्ये लंडन विद्यापीठाची एम. डी. पदवी त्यांनी मिळवली. त्यांनी विषय निवडला तो पॅथॉलॉजी, म्हणजे विकृतिशास्त्र. या विषयाचा डॉक्टर रोग्याला औषध देत नाही. रोग्याच्या शरीरातून काढलेल्या लहानशा तुकड्याचा अतिशय पातळ काप तो सूक्ष्मदर्शकाखाली पाहतो आणि रोग कोणता आहे ते सांगतो. शल्यचिकित्सकाचे नाव सर्वांना ठाऊक असते, काचेवरचा काप पाहणाऱ्याचे नाव सहसा कोणी विचारत नाही. परंतु त्याचे निदान चुकले तर पुढचे सर्व उपचार चुकतात.

परदेशात राहून नाव कमावणे त्यांना शक्य होते, पण ते मायदेशी परतले. मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात आणि शेठ गोवर्धनदास सुंदरदास मेडिकल कॉलेजात त्यांनी पॅथॉलॉजीचे प्राध्यापक म्हणून विद्यार्थी घडवले. २८ फेब्रुवारी १९४१ रोजी परळ येथे टाटा मेमोरियल हॉस्पिटल सुरू झाले. तेथील प्रयोगशाळा व संशोधन विभागाचे संचालकपद डॉ. खानोलकरांकडे आले आणि येथूनच त्यांच्या जीवनातील सर्वांत महत्त्वाचे कार्य सुरू झाले.

त्या काळी एक समज पसरलेला होता. कर्करोग हा श्रीमंत, पुढारलेल्या पाश्चात्त्य देशांचा रोग आहे, हिंदुस्थानात तो फारसा होत नाही, असे पुष्कळांना वाटे. आकडे वरवर पाहिले तर ते खरेही वाटत असे. पण यात एक मोठी मेख होती. कर्करोग बहुधा उतारवयात होतो, आणि १९४१ ते १९५१ या काळात आपल्या देशातील सरासरी आयुर्मान सुमारे ३२ वर्षे होते. जेथे पुष्कळ माणसे उतारवयापर्यंत पोहोचतच नाहीत, तेथे कर्करोग कमी दिसणारच.

मुलांनो, हे एका उदाहरणाने समजून घ्या. एका मोहल्ल्यात बहुतेक आजी-आजोबा राहतात आणि दुसऱ्यात बहुतेक तरुण कुटुंबे. पहिल्या मोहल्ल्यात कर्करोगाचे मृत्यू जास्त झाले, म्हणून तेथील पाणी किंवा हवा वाईट आहे असे म्हणता येईल का? नाही. आधी दोन्हीकडे लोक किती आहेत ते मोजावे लागेल, मग कोणत्या वयाचे किती आहेत ते पाहावे लागेल, आणि त्यानंतरच तुलना करता येईल. म्हणूनच कर्करोगाचे प्रमाण एक लाख लोकांमागे सांगतात आणि त्यात वयाचा फरक वजा करून घेतात. गणिताच्या तासाला शेकडेवारी कशासाठी शिकायची, असे विचारणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे.

डॉ. खानोलकरांपाशी असे तयार आकडे नव्हते. खेड्यापाड्यांत मृत्यूचे कारण डॉक्टरने लिहून देण्याची सोय नव्हती. ताप, खोकला, म्हातारपण अशी मोघम नोंद होई. त्यांच्यापाशी होते फक्त इस्पितळात येणारे रोगी. तेव्हा त्यांनी त्यांच्यापासूनच सुरुवात केली. प्रत्येक रोग्याचे गाव कोणते, समाज कोणता, काम काय, तो काय खातो, काय चघळतो, काय ओढतो, किती वर्षांपासून आणि तोंडात कोणत्या बाजूला धरतो, ही सर्व माहिती महत्त्वाची मानली गेली. मुंबईतील तोंडाच्या कर्करोगाच्या लागोपाठच्या १००० रोग्यांचा आढावा त्यांनी १९४४ मध्ये प्रसिद्ध केला. पान-तंबाखू आणि तोंडाचा कर्करोग यांच्या संबंधाविषयी त्यांच्या आधीही लिहिले गेले होते. त्रावणकोरातील रोग्यांवरचा असा एक अभ्यास १९३३ मध्येच छापून आला होता. पण एवढ्या मोठ्या संख्येने आणि एवढ्या शिस्तीने केलेल्या कामाचे मोल वेगळेच होते.

पुढच्याच वर्षी, १९४५ मध्ये, त्यांनी आपल्या सहकारी सूर्याबाई यांच्यासह भारतातील तीन आगळ्या कर्करोगांविषयी लेख लिहिला. पहिला खालच्या ओठाचा. उत्तरेकडे, विशेषतः बिहारकडे, चुना मळलेली खैनी खालच्या ओठाच्या आत दाबून ठेवतात आणि रोगही नेमका तेथेच होतो. दुसरा टाळूचा. आंध्रच्या किनाऱ्यावर, विशाखापट्टणमच्या बाजूला, चुट्टा नावाची जाड विडी जळते टोक तोंडात धरून ओढण्याची रीत आहे. त्या उष्णतेने आणि धुराने टाळू भाजत राहतो आणि कर्करोग टाळूलाच होतो. तिसरा कमरेच्या कातडीचा. धोतर वर्षानुवर्षे एकाच जागी घट्ट कसल्याने, घाम आणि घर्षणाने तेथील कातडी काळी व जाड होत जाते आणि काही जणांना पुढे तेथेच कर्करोग होतो. काश्मीरमध्ये थंडीत फेरनाच्या आत निखाऱ्यांची कांगडी पोटाशी धरतात, तेथे पोटाच्या व मांडीच्या कातडीचा कर्करोग होतो, हे त्याआधीच माहीत झाले होते.

देश एक, पण प्रांत बदलला की रोगाची जागा बदलते. हे नशीब किंवा पूर्वजन्मीचे पाप असते, तर प्रांताप्रमाणे ओठ, टाळू आणि कंबर असे त्याने कशाला निवडले असते? रोगाची जागा सवयीच्या जागेशी जुळते, हे डॉ. खानोलकरांनी दाखवून दिले. मला त्यांच्या कार्यातील सर्वांत मोठी गोष्ट हीच वाटते, कारण सवय माणसाने लावलेली असते आणि माणूस ती सोडूही शकतो.

१९५५ मध्ये त्यांनी डॉ. संघवी आणि डॉ. राव यांच्यासह आणखी बारकाईचा अभ्यास प्रसिद्ध केला. तंबाखू चघळणाऱ्यांमध्ये तोंडाच्या आतील कर्करोग जास्त, विडी ओढणाऱ्यांमध्ये जिभेच्या मुळाचा व घशाचा जास्त, आणि दोन्ही करणाऱ्यांमध्ये घशाच्या खालच्या भागाचा व अन्ननलिकेचा धोका जास्त, असे त्यातून पुढे आले. चघळली काय आणि ओढली काय, तंबाखू ती तंबाखूच; फक्त घाव घालण्याची जागा बदलते.

डॉ. खानोलकर केवळ कर्करोगापुरते थांबले नाहीत. कुष्ठरोगाची सुरुवात मज्जातंतूंमध्ये कशी होते, यावरही त्यांनी मोलाचे काम केले. १९४९ मध्ये देशातील पॅथॉलॉजिस्टांची संघटना उभी राहिली, तिचे ते पहिले अध्यक्ष झाले. १९५० ते १९५४ या काळात आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन आयोगाचे अध्यक्षपद त्यांनी सांभाळले. १९५२ मध्ये मुंबईत इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटर स्थापन झाले, त्याचे ते संस्थापक संचालक होते. डॉ. कमल रणदिवे यांच्यासारख्या संशोधिका त्यांच्या मार्गदर्शनाखाली तयार झाल्या. त्या काळी प्रयोगशाळेत स्त्रिया फार थोड्या दिसत, म्हणून आपल्या शाळेतील मुलींनी हे विशेष लक्षात ठेवावे. १९६० च्या दशकाच्या आरंभी ते मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू झाले. भारत सरकारने त्यांना राष्ट्रीय संशोधन प्राध्यापक नेमले आणि पद्मभूषण देऊन गौरविले. २९ ऑक्टोबर १९७८ रोजी त्यांचे निधन झाले. नवी मुंबईत खारघर येथील कर्करोग संशोधन केंद्रातील एका इमारतीला खानोलकर शोधिका असे नाव देण्यात आले आहे.

थोर माणसाचे काम जेथे थांबते तेथून पुढे नेणारे लागतात. इस्पितळातील हजार रोगी कितीही काळजीपूर्वक तपासले, तरी गावात न आलेले किती, हे त्यातून कळत नाही. त्यासाठी ठरावीक प्रदेशातील प्रत्येक रोग्याची नोंद करावी लागते. अशी नोंदवही मुंबईत १९६३ मध्ये सुरू झाली. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला राष्ट्रीय पातळीवर नोंदणीचा कार्यक्रम आला. १९८७ मध्ये सोलापूर जिल्ह्यातील बार्शी येथे ग्रामीण नोंदवही सुरू झाली. तेथील कार्यकर्ते गावोगावी जाऊन लोकांशी बोलतात, संशयित रोग्यांना तपासणीसाठी आणतात आणि नोंद करतात.

या नोंदवह्यांमुळे आता आपण एका जिल्ह्याची दुसऱ्या जिल्ह्याशी तुलना करू शकतो. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय अहवालात पुरुषांमधील नव्या कर्करोगांचे प्रमाण मिझोरामच्या ऐझॉल जिल्ह्यात लाखामागे २६९.४, तर महाराष्ट्रातील बीड व उस्मानाबाद, म्हणजे आताचे धाराशिव, या जिल्ह्यांत ३९.५ होते. एकाच देशात जवळपास सात पट फरक! काळाप्रमाणेही चित्र बदलते. अनेक ठिकाणी स्त्रियांच्या गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे प्रमाण घटत गेले आहे आणि स्तनाच्या कर्करोगाचे वाढत गेले आहे. आणि आमच्या मध्य प्रदेशाविषयी म्हणाल, तर भोपाळच्या नोंदवहीत पुरुषांमध्ये तोंडाचे व जिभेचे कर्करोग वरच्या क्रमांकांवर आहेत. इंदूरहून भोपाळ किती दूर आहे, हे मी आपल्याला सांगायला नको.

नवे रोगी किती आणि मृत्यू किती, हे दोन आकडे वेगळे आहेत, हेही ध्यानात घ्यावे. रोग लवकर कळला तर पुष्कळ रोगी वाचतात. तोंड तर आरशात पाहता येते. दोन-तीन आठवड्यांत बरा न होणारा फोड, गालाच्या आत पांढरा किंवा लाल चट्टा, पूर्वीसारखे तोंड न उघडणे, तिखट सहन न होणे, यांपैकी काहीही आढळले तर लाज न बाळगता डॉक्टरांकडे जावे. लपवून ठेवल्याने रोग वाढतो.

आता पालकांना एक नम्र विनंती. शाळेच्या १०० यार्डांच्या आत आणि १८ वर्षांखालील मुलांना तंबाखू विकण्यास २००३ च्या कायद्याने मनाई आहे. आपल्या राज्यात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे. तरीही पान मसाल्याची पुडी आणि तंबाखूची पुडी वेगवेगळी विकून तेच काम साधले जाते. नुसत्या सुपारीने काही होत नाही, हाही गैरसमज आहे. सुपारी स्वतःच कर्करोगकारक आहे, असा निष्कर्ष जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये प्रसिद्ध केला. समोरच्या गुमटीवाल्याशी बोलणे हे शाळेचे काम आहे आणि आम्ही ते करत आहोत. विश्वस्त मंडळींनीही त्यात साथ द्यावी. पण संध्याकाळी मुलाच्या हातात पैसे देऊन वडिलांसाठी पुडी आणायला गुमटीवर पाठवले जाते, तेव्हा तेथे शाळा काही करू शकत नाही. मूल पहिल्यांदा त्या गुमटीवर जाते ते बहुधा घरच्याच कोणासाठी.

ज्या मुलीने मला प्रश्न विचारला होता, तिला आता माझे उत्तर असे आहे. लोक चित्र पाहतात, पण ते दुसऱ्या कोणाचे तरी आहे असे समजतात. डॉ. खानोलकरांनी रोग्यांच्या नोंदींतून हेच दाखवले की ते चित्र ठरावीक सवयीच्या माणसाचे असते, मग तो कोणत्याही गावचा, कोणत्याही जातीचा असो. पुढच्या महिन्यात विज्ञान मंडळातर्फे दंतवैद्यांकडून मोफत मुखतपासणी होणार आहे. मुलांनी आपल्या वडिलांना, काकांना, आजोबांना हात धरून घेऊन यावे.

माझे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले आहे. लेखनात काही त्रुटी राहिल्या असतील तर सांभाळून घ्याव्यात.

आपली,
मुख्याध्यापिका